मेथी संपली, उद्या या

आई,

तुला लिहायला बसले आहे, पण हे काही मायेने ओथंबलेलं पत्र नाही, हे आधीच सांगते. मी वैतागले आहे. शाळेवर, शाळेत येणाऱ्या त्या प्रशिक्षक मुलीवर, वर्गातल्या पोरांवर, माझ्या गुडघ्यांवर, आणि गेला आठवडाभर तुझ्यावर. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्यावर वैतागणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. ते पुन्हा सुरू करावं लागलं, याचाही वैताग आहे. तू एकदा माझ्या वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली होतीस, "छान चाललंय. चालू दे." ते मनापासून म्हणालीस की टोमणा होता, एवढंच मला विचारायचं आहे. तू होतीस तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तुला असलं काही विचारलं असतं तर त्याच्यावरही तू काहीतरी बोलली असतीस, आणि मग त्याचं काय समजायचं ते कोणाला विचारलं असतं?

पहिल्यापासून सांगते. मी अजून दुसरीलाच शिकवते. शाळा धायरीला आहे. आपण ज्याला धायरी म्हणायचो ते गाव आता शोधून सापडणार नाही. सगळीकडे इमारती, आणि इमारतींत वाशीम, यवतमाळ, नागपूरकडून नोकरीसाठी आलेली माणसं. त्यांची मुलं माझ्या वर्गात असतात. मी वारज्याहून स्कूटरवर जाते, सकाळची शाळा, पुलावर ट्रकांच्या मधून जीव मुठीत धरून. पोचेपर्यंत माझी निम्मी सहनशक्ती संपलेली असते, आणि उरलेली निम्मी या वर्षी संस्थेने काढून घेतली. संस्थेने ठरवलं की मुलांना दटावून गप्प बसवायची पद्धत बंद. वर्ग एकट्या शिक्षकाने सांभाळायचा नाही, मुलांना सामील करून घेऊन सांभाळायचा. हे आम्हाला शिकवायला एक मुलगी येते. माझ्या लेकीच्या वयाची, कानाला माइक, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाळी. ऐन मे महिन्याच्या सुट्टीत तिने आम्हा सगळ्या शिक्षिकांना हॉलमध्ये सतरंजीवर गोल करून बसवलं आणि एका बोटाने टाळी, मग दोन बोटांनी, मग तीन, असा टाळ्यांचा पाऊस पाडायला लावला. माझा पाऊस तिला कमी पडला. "मॅम, एनर्जी! आपण एनर्जी दिली तरच किड्स एनर्जी देणार ना?" मी म्हटलं, "अहो, त्यांच्याकडे आहे ती कमी कशी करायची ते सांगा. आम्ही तेवढ्यासाठीच आलोय." सगळ्या हसल्या. तिने मात्र "गुड पॉइंट, मॅम!" म्हणून माझं वाक्य मोठ्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. तुझ्या हाताखाली तयार झालेला टोमणा असा भिंतीवर चिकटलेला बघून मला कसं वाटलं असेल याची कल्पना तूच करू शकशील.

मग ते सगळं वर्गात आलं. दाराला एक तक्ता आहे. त्यावर नमस्कार, टाळी, मिठी आणि नाच अशी चित्रं. मुलाने आत येताना ज्या चित्रावर हात ठेवला, तसं बाईंनी त्याचं स्वागत करायचं. पहिल्याच दिवशी पहिल्याच मुलाने नाचावर हात ठेवला. त्याच्या मागच्यांनी ते पाहिलं आणि संपूर्ण वर्गाने नाचावर हात ठेवला. सकाळी सकाळी, साडीचा पदर खोचून, माझ्या या वयात, दारात. शिपाईकाका पाण्याचा जार घेऊन चालले होते, ते जार खाली ठेवून उभे राहिले. मग आवाजाच्या पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे शांत, एक म्हणजे कुजबुज, असं चढत जाऊन शेवटची मैदानावरची. पायरी बाईंनी सांगायची आणि मुलांनी पाळायची, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात मी फळ्याकडे वळून कोणाला तरी ओरडले की मागून आवाज येतो, "बाई, तुम्ही मैदानावर गेलात." आणि एक कापडी चेंडू आहे. तो ज्याच्या हातात असेल त्यानेच बोलायचं. ज्याच्या हातात तो जातो तो बोलत नाही, चेंडू गालाला लावून बसून राहतो, आणि बाकीचे सगळे त्याला तो सोडायला सांगत मोठ्यांदा बोलतात. प्रशिक्षक मुलगी म्हणते, "मॅम, ट्रस्ट द प्रोसेस." मी म्हणते, "विश्वास ठेवलाय हो, तेवढाच ठेवायचा राहिला होता."

तुझ्या वर्गात यातलं काही नव्हतं. शनिवार पेठेतल्या त्या शाळेत, रस्त्यावरच्या हातगाड्यांचा आवाज खिडकीतून येत असताना, तू टेबलापाशी उभी राहून एकदाच म्हणायचीस, "हाताची घडी, तोंडावर बोट." आणि आम्ही साठ पोरं हाताची घडी घालून एक बोट तोंडावर ठेवायचो. एकाच वेळी दोन्ही कसं करायचं हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नाही. जे बोट ठेवायचे नाहीत त्यांच्यासाठी तुझी जीभ होती. गृहपाठ न आणणाऱ्याला, "वही घरी देवापुढे ठेवून आलात वाटतं?" खिडकीबाहेर बघणाऱ्याला, "बाहेरची मंडळी ओळखीची आहेत का? बोलवा ना आत." मी दुसरीत तुझ्याच वर्गात होते, आणि एकदा चुकून "आई, मला कळलं नाही" म्हणाले. तू वर्गभर नजर फिरवून, दाराबाहेर डोकावून विचारलंस, "कोणाची आई आली आहे?" वर्ग हसला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार. त्या दिवसापासून तू शाळेत माझी बाई होतीस, आणि घरी मी तुझं बोलणं ऐकताना ते आधी मनात उलटं करून घ्यायला शिकले. "काय हुशार आहे पोरगी" म्हणालीस की काहीतरी चुकलंय. "आज स्वयंपाक तुम्हीच करा" म्हणालीस की पोळी करपली आहे. मला ते इतकं सवयीचं झालं की सरळ वाक्यसुद्धा उलटं करूनच आत घेऊ लागले.

आता माझ्या वर्गातल्या एका मुलीचं सांगते, कारण हे सगळं तिच्यापासून सुरू झालं. ती या जूनमध्ये वाशीमकडून आली. वडील एका कारखान्यात पाळीवर जातात, आई दोन घरची कामं उरकून हिला सोडते, त्यामुळे ती रोज उशिरा येते. रोज, प्रार्थना संपल्यावर, दोन वेण्या हलवत. पहिल्या आठवड्यात मी तुझ्याच सुरात म्हटलं, "या, या राणीसरकार. आपलीच वाट बघत होतो. आता करायची का शाळा सुरू?" वर्ग हसला. तिने जरा विचार केला, "हो, करा," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, आगाऊ आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी वाट बघितल्याचं सांगायचं, तिने परवानगी द्यायची. महिनाभर असं चाललं. मग पालकसभेला तिची आई आली, हातात पिशवी, पिशवीत घरच्या तिळाची चटणी. म्हणाली, "मॅडम, माह्यी पोरगी रोज सांगते का बाई माह्यी वाट पाह्यतात, मी गेल्याबिगर शाळा सुरूच नाई करत. तिकडं गावाले तिले कोनी पुसत नव्हतं. इकडं याले नाई म्हने, आता रोज सकाळी तीच घाई करते." मी चटणी घेतली. काय बोलणार होते मी? की तुमच्या मुलीला मी रोज टोचून बोलते आणि तिला ते कळत नाही? मी म्हटलं, "हो, बघते ना वाट." त्यानंतर मला खरोखरच ती येईपर्यंत पाढे सुरू करवेनात, आणि याचा मला इतका संताप आला की विचारू नकोस. आपण नीट तासून धारदार केलेली वाक्यं एका सात वर्षांच्या मुलीने भेट म्हणून घेऊन टाकली होती.

तेव्हापासून तुझं ते वाक्य डोक्यात घुमायला लागलं. तुला तो दिवस आठवत असेल की नाही देव जाणे. मला नोकरी लागून दुसरं वर्ष होतं, आपल्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडची शाळा. तू नुकतीच निवृत्त झाली होतीस आणि घरात तुला वर्ग नसल्यामुळे बाबांना शिस्त लावत होतीस. मी डबा विसरले म्हणून तू तो घेऊन आलीस. वर्गात मी दुकान मांडलं होतं. बाकं उलटीसुलटी करून गल्ली केली होती, साबणाच्या रिकाम्या खोक्यांचा माल, चिंचोक्यांचे पैसे, हिरव्या कागदाच्या कातरलेल्या जुड्या म्हणजे पालेभाजी. वजाबाकी शिकवायची होती आणि मुलं इतकी आरडाओरडा करत होती की पलीकडच्या वर्गातल्या बाई दोनदा येऊन बघून गेल्या होत्या. मी घामाघूम झाले होते आणि मजेत होते. तेवढ्यात तू दारात. भाजीवाली झालेली मुलगी तुला बघून म्हणाली, "आजी, काय हवंय?" तू तिच्याकडे वाकून विचारलंस, "मेथी आहे का?" ती म्हणाली, "मेथी संपली, उद्या या." तू बराच वेळ तिथे उभी होतीस, डबा दोन्ही हातांत धरून. मग तो माझ्या टेबलावर ठेवलास, "छान चाललंय. चालू दे," म्हणालीस आणि गेलीस.

मी ते उलटं करून घेतलं. दुसरं काय करणार? साठ पोरांना एका वाक्यात गप्प करणारी बाई माझ्या त्या गोंधळाला छान म्हणेल? मी बाकं सरळ करून घेतली, चिंचोके पिशवीत भरले, आणि तुझ्याच आवाजात म्हटलं, "हाताची घडी, तोंडावर बोट." संध्याकाळी तू स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होतीस, मी कणीक मळत होते. तू मान वर न करता विचारलंस, "उद्या काय विकणार तुमच्या दुकानात?" मी म्हटलं, "बंद केलं दुकान." तू एक काडी मोडलीस, पानं परातीत टाकलीस आणि म्हणालीस, "बरं." एवढंच. नंतर तू कधी विषय काढला नाहीस, मी कधी दुकान मांडलं नाही. आणि आता ती प्रशिक्षक मुलगी मला पडद्यावर चित्रं दाखवून सांगते, मॅम, मुलांना भूमिका द्या, वर्गाचा बाजार करा, त्यांना बोलू द्या, आवाजाला घाबरू नका. मी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जे करायचं सोडलं, ते मला नवीन म्हणून शिकवलं जातंय, आणि वर टाळ्याही वाजवायच्या.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हा कागद घेतला नसता. पण मागच्या सोमवारी जे झालं त्याने माझी पार झोप उडवली. माझ्या शेजारच्या वर्गात दुसरीचीच दुसरी तुकडी आहे. तिथली बाई पोरसवदा आहे, धायरी गावातलीच, पहिलीच नोकरी. तिने त्या पद्धती मनावर घेतल्या आहेत, आणि आमच्यामधली भिंत पातळ आहे. जूनपासून मी तिला बरंच काही ऐकवलं आहे. "भिंत पडायच्या आधी सांगा हं, मुलांना बाहेर काढेन." "आज शांतता आहे, तब्येत बरी आहे ना?" असलं. ती हसून सॉरी म्हणायची. सोमवारी माझा वर्ग चित्रकलेला गेला होता आणि पलीकडून नेहमीचा कल्लोळ चालू होता. मी तणतणत गेले आणि दारात उभी राहिले. तिने वर्गाचं बसस्थानक केलं होतं. कोणी वाहक, कोणी प्रवासी, कोणी चौकशीच्या खिडकीत. आवाज होता, पण प्रत्येक मुलाला आपण काय करतोय ते माहीत होतं. मध्येच तिने नुसता हात वर केला. जवळच्या मुलांनी बघून हात वर केले, त्यांचं बघून मागच्यांनी, आणि कोणी न ओरडता सगळं बसस्थानक थांबलं. तिने हिशोबातली एक चूक सांगितली, हात खाली घेतला, पुन्हा गाड्या सुटल्या. ते मला आजवर जमलेलं नाही, नाचूनसुद्धा. तिने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "छान चाललंय. चालू दे." आणि परत आले.

आई, मी मनापासून म्हटलं होतं. माझ्या तोंडून ते आलं तेव्हा ते तुझे शब्द आहेत हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी माझ्या रिकाम्या वर्गात खुर्चीवर येऊन बसते न बसते तोच पलीकडचा आवाज बंद झाला. बाकं सरकवल्याचा आवाज आला. मग भिंतीतून तिचा आवाज ऐकू आला, बारीक, कापरा, "हाताची घडी, तोंडावर बोट." त्यानंतर एकदम चिडीचूप. मी जन्मभर ज्या शांततेच्या मागे धावले ती शांतता पलीकडे तयार झाली होती, आणि मला ती मिनिटभरही बसून ऐकवेना.

मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. शिक्षक-खोलीत बाकीच्या डबे उघडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, थांबवलंत का? किती छान चाललं होतं." तिने डब्याचं झाकण लावलं. "सॉरी मॅडम. आवाज जास्तच हाय... आहे माझ्या वर्गाचा. पुन्हा नाही येणार." मी म्हटलं, "नाही हो, मी खरंच म्हणतेय." ते माझ्याच कानाला इतकं तिखट ऐकू आलं की मी थांबले. "हो मॅडम, कळलं मला," ती म्हणाली. कोपऱ्यातून कोणीतरी फिसकन हसलं. मी पुन्हा म्हटलं, "तुम्ही माझ्यापेक्षा चांगला वर्ग घेता." हे तर फारच झालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती डबा घेऊन उठून गेली. कोपऱ्यातली म्हणाली, "कशाला त्या पोरीच्या मागे लागता हो तुम्ही?" मी तिथे उभी, आणि माझ्याकडे एकही सूर असा नाही की ज्यात मी एक चांगलं वाक्य बोलले तर ते चांगलं ऐकू येईल. आयुष्यभर एकच वाद्य वाजवलं आणि त्यातून नेमकं हेच गाणं निघत नाही. मंगळवारी पलीकडे शांतता. बुधवारीही शांतता. तिच्या दारावरचा तो चित्रांचा तक्ताही काढलेला दिसला. मला राग आला, तिचा, माझा, आणि मग सरळ तुझा. म्हटलं, तुझं असंच झालं होतं का? तू दारातून घरी जाताना मनापासून बोलल्याच्या समाधानात होतीस का, आणि संध्याकाळी मी "बंद केलं" म्हटलं तेव्हा तुला काही म्हणजे काहीच म्हणता आलं नाही का? की तो टोमणाच होता आणि मी उगाच तुझ्यावर मेहेरबानी करतेय? "बरं" म्हणालीस! एका वाक्याने काय बिघडलं असतं तुझं? "अगं, खरंच म्हटलं मी," एवढं म्हणायचं. पण मी तेही उलटं करूनच घेतलं असतं, हे मला आता पक्कं माहीत आहे, आणि म्हणून तर जास्त चिडचिड होते.

गुरुवारी मी शेवटी त्या वाशीमच्या मुलीला जवळ बोलावलं. तिला म्हटलं, "शेजारच्या मॅडमकडे जा. सांग, आमच्या बाईंना तुमचं बसस्थानक फार आवडलं, ते पुन्हा चालू करा. आणि हात वर करून मुलांना कसं थांबवता ते आमच्या बाईंना शिकवा." ती गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी फळ्यावर अक्षरं काढत होते आणि कान भिंतीकडे. आधी काही नाही. मग बाकं सरकली. मग हळूहळू, आधी कुजबुज, मग बोलणं, मग तो नेहमीचा कल्लोळ, ज्याच्या नावाने मी जूनपासून बोटं मोडली आहेत. ती परत आल्यावर मी विचारलं, "काय गं, एवढा वेळ?" म्हणाली, "मले तिकीट काढून देल्लं. अन् त्या मॅडमनं इचारलं, तुमच्या बाई हसून बोलल्या का असंच बोलल्या? मी म्हनलं, बाई कधीच हसून नाई बोलत. बाई नेहमी खरंच बोलतात." एवढं सांगून ती जागेवर जाऊन बसली. मी फळा पुसला, आणि स्वच्छ होता तरी परत एकदा पुसला.

सुट्टीत शेजारच्या वर्गाची ती पोरसवदा बाई माझ्याकडे आली, अवघडून, आणि हात वर कसा करायचा ते मला शिकवलं. म्हणाली, "मॅडम, हात वर केल्यावर तुम्ही स्वतः आधी गप्प राहायचं. तेच अवघड असतं." मी तिला म्हटलं, "तेच म्हणते मी, माझं काय चुकतंय." ती पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळी हसली. शुक्रवारी मी करून पाहिलं. हात दुखेपर्यंत वर धरला, अर्ध्या वर्गाने बघितलंच नाही, एकाने मला पाणी प्यायला जायचंय असं समजून बाटली आणून दिली. पण थांबले. शेवटी थांबले सगळे. मला फार काही झाल्यासारखं वाटलं नाही, खांदा तेवढा भरून आला. प्रशिक्षक मुलगी उद्या, सोमवारी, वर्ग बघायला येणार आहे. प्रत्येकीने स्वतःची एक कृती करून दाखवायची. तिने फोनवर विचारलं, "मॅम, तुमची काय अ‍ॅक्टिव्हिटी?" मी म्हटलं, "दुकान." "सो क्यूट, मॅम! ही आयडिया कुठे मिळाली?" मी फोन ठेवला, नाहीतर काय बोलले असते कोणास ठाऊक.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. आपल्या पेठेतल्या घराच्या जागी इमारत झाली, आणि तिथे पत्र आलंच तर ते लोक पाकीट उघडून, वाचून, वर चुका दाखवतील. मी आत्ता जेवणाच्या टेबलावर बसले आहे, रविवारची दुपार आहे, शेजारी चिंचोक्यांची पिशवी आहे. मंडईत विचारत फिरले तेव्हा मिळाले; दुकानदाराने विचारलं, "कशाला हवेत, औषधाला का?" मी म्हटलं, "हो, फार जुना आजार आहे." सवय जात नाही. काल शनिवारी मुलांना हिरवे कागद देऊन जुड्या करायला लावल्या. पालक, कोथिंबीर, चुका, ज्याला जे येतं ते. त्या वाशीमच्या मुलीकडे मेथी दिली. तिने बारीक बारीक पानं कातरून एवढी भरघोस जुडी केली की दोऱ्यात बसेना. मी तिला म्हटलं, "यातली एक बाजूला ठेव. विकायची नाही." तिने विचारलं, "कोनासाठी?" मी म्हटलं, "माझी आई येणार आहे घ्यायला." वर्ग खदखदून हसला, बाईंची आई म्हणजे केवढी म्हातारी असेल, यावरून त्यांचं सुरू झालं. ती हसली नाही. तिने जुडी दप्तरात नीट ठेवली आणि विचारलं, "मंग त्या येईपर्यंत दुकान सुरू नाई करायचं ना, बाई?"

मी "नाही" म्हटलं, आई, आणि खरंच तसं म्हटलं.